जावक क्रमांक अकराशे सत्तेचाळीस

३ जून

लेख दिला. अठ्ठावीस पानं, चार भाग, त्रेसष्ट तळटिपा. राज्यकारभाराच्या इतिहासावरच्या वर्षातल्या सर्वोत्तम लेखाला इतिहास मंडळ सुवर्णपदक देतं. नियमाप्रमाणे लेखकाचं नाव लेखावर नाही, वेगळ्या बंद पाकिटात. मंडळाच्या कारकुनाने पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, माझं नाव वाचलं आणि म्हणाला, "सरकारी दप्तरखान्यातल्या ना तुम्ही? कागद चिकटवणाऱ्या?"

मी हो म्हटलं. प्रयोगशाळेत चिकटवण्यापेक्षा सोडवण्याचं काम जास्त असतं, पण हा तपशील त्याच्या उपयोगाचा नव्हता.

पदक मिळालं तर माझी कंत्राटी जागा कायम होण्याच्या अर्जात एक चांगली ओळ येईल. हेतू एवढाच आहे. इथे लिहून ठेवते, पुढे दुसरं काही वाटायला लागलं तर ताडून बघता येईल.

६ जून

आई शाळेचे गणवेश शिवत होती. काजांना तिला डोकं लागत नाही, म्हणून अशा वेळी ती प्रश्न विचारते.

"एवढं लिहिलंस ते आहे तरी काय? मला कळेल असं सांग."

सांगितलं. बासष्ट वर्षांपूर्वी चौदा सप्टेंबरला वरचा बंधारा फुटला. खालची वस्ती वाहून गेली, एकशे नऊ माणसं. पाटबंधारे खातं म्हणालं, दरवाजे उघडा असं पत्र आम्ही नऊ तारखेलाच पाठवलं होतं, चौकीदाराने ऐकलं नाही. चौकीदार म्हणाला, पत्र मिळालंच नाही. चौकशीच्या अहवालात त्याच्या या वाक्यापुढे एका शब्दाचा शेरा आहे: अविश्वसनीय. चौकीदाराची बडतर्फी कायम.

"मग?"

"पत्र नऊ तारखेला लिहिलं हे खरं आहे. पाठवलं सोळाला."

आईने मशीन थांबवलं. "पूर येऊन गेल्यावर?"

"दोन दिवसांनी."

"कशावरून म्हणतेस?"

हा प्रश्न बरोबर होता. पत्राची जी प्रत कार्यालयात ठेवतात, स्थळप्रत, तिच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचा रुपयाएवढा डाग होता. तो काढल्यावर खाली आकडा निघाला, ११४७. हा जावक क्रमांक. पत्र ज्या दिवशी खरोखर बाहेर पडतं त्या दिवशी तो जावक रजिस्टरात चढतो. रजिस्टरात ११४७ सोळा सप्टेंबरला आहे. तारबुकातही नऊ ते चौदा या दिवसांत बंधाऱ्याला एकही तार नाही. बंधाऱ्यावर टेलिफोन नव्हता.

"म्हणजे पत्र टेबलावर पडून होतं."

"सात दिवस. वरची तारीख सगळे इतिहासकार वाचतात. खालचा क्रमांक फक्त कारकून वाचतात."

आईने दाताने दोरा तोडला. मग म्हणाली, "त्याच्या बायकोचं काय झालं?"

"कोणाच्या?"

"अगं, चौकीदाराच्या."

"ते फायलीत नाही."

तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

११ जून

चूक नोंदवते. गंज काढण्याआधीचा फोटो नाही.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे: हात लावण्याआधी फोटो. त्या दिवशी कॅमेरा चार्जिंगला होता आणि मला डाग साधा वाटला. ही सबब आहे, कारण नाही. माझ्याकडे फक्त नंतरचा फोटो आहे. आकडा गंजाखाली होता याला साक्षीदार मी एकटी.

बाइंडर काकांना सांगितलं. चाळीस वर्षं सुई-दोरा हातात असलेला माणूस. म्हणाले, "म्हणजे शिवून झाल्यावर माप घेतलंस."

"हो."

"आता कुणी विचारू नये म्हणून देवाला हात जोड."

"विचारलं तर सांगेन."

"ते मला ठाऊक आहे, पोरी. म्हणून तर हात जोड म्हणतोय."

२८ जून

अखेरच्या तीन लेखांत माझा आहे. अखेरच्या तीन लेखांची पाकिटं फक्त कारकून उघडतो; त्याच्या सहीचं पत्र घरी आलं. आईने ते शेजारणीला दाखवलं, मग खालच्या वाण्याला, मग परत शेजारणीला.

दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. चार तारखेला भेटायला या म्हणाले. मंडळाचं पहिलं सुवर्णपदक अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनाच मिळालं होतं. लेखाचा विषय: पुराच्या वर्षी सरकारी इशारा यंत्रणा किती वेळेवर चालली. नऊ तारखेचं पत्र हा त्या लेखाचा कणा. हे मला माहीत होतं. माझी तळटीप सतरा त्यांच्यावरच आहे.

४ जुलै

अध्यक्षांची खोली तिसऱ्या मजल्यावर. पुस्तकांची कपाटं कुलपात, पदक काचेत. काचेच्या आत दमटपणा आहे, पदकाची फीत सहा-सात वर्षांत जाईल. सांगितलं नाही.

आधी मी विचारलं, पाकीट फक्त कारकुनाने उघडलेलं असताना लेख माझा हे कसं कळलं.

"गंजावर चार पानं दुसरं कोण लिहिणार?" ते म्हणाले. मान्य करण्यासारखं उत्तर.

माणूस सभ्य आहे. खुर्ची स्वतः पुढे केली. "पहिले तीन भाग अप्रतिम. मी वर्गात वाचून दाखवीन."

"आणि चौथा?"

"चौथा जरा तरुण आहे." हसले. "गंज तुम्ही काढलात. आकडाही तुम्हीच काढलात असं कोणी म्हणालं तर काय करणार?"

"रजिस्टर दाखवीन."

"रजिस्टरात ११४७ पुढे काय लिहिलंय? 'बंधारा, पत्र एक.' त्या महिन्यात बंधाऱ्याला दहा पत्रं गेली असतील. ते हेच पत्र, हे फक्त तुमच्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून. तो आधीपासून होता, याचा फोटो असेलच."

"आधीचा फोटो नाही. माझी चूक आहे. नंतरचा आहे."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटतं, मी हे इतक्या सरळ सांगेन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही ते घरी आल्यावर थोडं जास्त सरळ वाटलं. तरी प्रश्न विचारला गेला होता.

"मुली," ते म्हणाले, "चौथा भाग गाळ. पदक तुझं आहे. पुढे आयुष्य पडलंय, सावकाश फोटो काढ."

तुम्हीवरून तूवर आले ते मी ऐकलं. विचार करून कळवते असं मी म्हणाले. विचार करायचा नव्हता. जिना उतरायचा होता.

५ जुलै

आई: "एक भाग काढलास तर काय आभाळ कोसळणार आहे? तीन भाग आहेत की."

मी: "तीन भागांत पाटबंधारे खात्याच्या कागदाचा दर्जा आहे, शाई आहे आणि टाचण्या आहेत."

आई: "मग टाचण्यांवर दे म्हणावं पदक. जागा कायम झाली की मग भांड."

तिचं म्हणणं हिशोबात बसतं. मी जेवले नाही. भूक नव्हती, दुसरं काही नाही.

९ जुलै

मंडळाचं पत्र दप्तरखान्यात आलं, आमच्या अधीक्षकांच्या नावाने. आवक कारकुनाने मला दाखवलं. 'सदर जावक रजिस्टर व फाईल परीक्षणासाठी मंडळाकडे पाठवावी, आणि परीक्षण पूर्ण होईपर्यंत ती वाचकांना देऊ नये.'

यात काय आहे ते उघड आहे. स्पर्धेचा नियम सात: लेखातला प्रत्येक आधार वाचकांना दप्तरखान्यात पडताळता आला पाहिजे. कागद मंडळाच्या कपाटात गेले की आधार पडताळता येत नाही, आणि लेख आपोआप बाद. निकालाची बैठक सव्वीसला.

अधीक्षकांना कार्यालयात 'उद्या' म्हणतात. कोणतंही काम नेलं की ते चष्मा काढून म्हणतात, उद्या बघू. मी गेले आणि विचारलं, मंडळाच्या पत्राचं काय करणार.

"कुठलं पत्र?"

"तुमच्या समोर आहे ते."

त्यांनी ते उचललं, एक ओळ वाचली, खाली ठेवलं आणि वर पेपरवेट ठेवला. "उद्या बघू."

हो किंवा नाही म्हणायची हिंमत नाही. माझ्या लेखातली माणसं अशीच होती.

१२ जुलै

अधीक्षकांनी आज वेगळाच घोळ घातला. शिपायाबरोबर ते जावक रजिस्टर माझ्या टेबलावर पाठवलं. वर चिठ्ठी: 'बांधणी खिळखिळी. तातडीने दुरुस्तीस घ्यावे.'

बांधणी खिळखिळी नाही. दोन टाके सैल आहेत, ते दहा वर्षंही टिकतील. जाऊन सांगितलं.

"तुम्ही तज्ज्ञ आहात, मॅडम. पण सैल ते सैलच ना?"

"हे महिन्याभराने केलं तरी चालेल."

"मग महिनाभर करा. घाईत काम बिघडतं." आणि परत पेपरात डोकं.

आता ते दुरुस्ती वहीत चढवावं लागलं. दुरुस्तीतली वस्तू पूर्ण होईपर्यंत इमारतीबाहेर जात नाही, हा नियम आहे. माझ्या टेबलावर आधीच तीन नकाशे पडून आहेत. काकांना सांगितलं तर ते दोरा ओवता ओवता हसत बसले. कारण विचारलं तर म्हणाले, "काही नाही. दोरा सुईत गेला."

१७ जुलै

रजिस्टर माझ्याकडे आहेच, तर सप्टेंबरच्या सगळ्या पानांच्या आणि स्थळप्रतीच्या छायाप्रती काढल्या. नियम सातप्रमाणे साक्षांकित प्रतही आधार म्हणून चालते. तेवीस प्रती. अधीक्षक साक्षांकनाच्या सह्या करायला एरवी आठवडा लावतात. आज गठ्ठा ठेवला तर एकेक पान उलटत तेवीस सह्या केल्या, एक ओळही न वाचता. हा निष्काळजीपणा आहे. या वेळी माझ्या सोयीचा निघाला, म्हणून तो निष्काळजीपणा नाही असं होत नाही.

सही करता करता विचारलं, "त्या चौकीदाराचं पुढे कोणी आहे का हो?"

"फायलीत नाही."

"सेवापुस्तकात असेल. वारसाचा रकाना असतो."

"सेवापुस्तकं तळघरात आहेत. यादी नाही."

"हं," ते म्हणाले. 

२१ जुलै

गेले तीन दिवस अधीक्षकांच्या कपड्यांना तळघराचा वास आहे. बहुधा तिथली गळती बघायला गेले असावेत. २२ पासून चार दिवस रजा टाकली आहे, घरगुती कारण. मंडळाचं दुसरं पत्र आलं, तेही पेपरवेटखाली.

२६ जुलै

बैठक. लांब टेबल, पाच सदस्य, पाण्याचे पाच पेले. माझ्यासमोर पेला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले की दप्तरखान्याकडून मूळ कागद आले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. मी साक्षांकित प्रती टेबलावर ठेवल्या. सदस्यांनी पाहिल्या. एका सदस्यबाईंनी भिंग मागितलं, त्या एकट्याच नीट बघत होत्या. म्हणाल्या, "आकडा स्पष्ट आहे."

"आता स्पष्ट आहे," अध्यक्ष म्हणाले.

मग प्रस्ताव मांडला. एकमताने सुवर्णपदक. अट एकच, चौथा भाग गाळून त्याजागी तळटीप: पत्राच्या रवानगीच्या दिनांकाबाबत अधिक संशोधनास वाव आहे.

"तळटीप चौसष्ट होईल," मी म्हटलं.

"होऊ दे की."

"बासष्ट वर्षं त्या माणसाच्या नावापुढे 'अविश्वसनीय' आहे. त्याला मी तळटिपेत ठेवणार नाही."

हे वाक्य मी ठरवून नेलं नव्हतं. मी पुरावा बोलायला गेले होते. माणसाबद्दल बोलण्याचं काही कारण नव्हतं.

"ताई, भावनेने इतिहास होत नाही," एक सदस्य म्हणाले.

"बरोबर. म्हणून तर जावक क्रमांक आणलाय."

भिंगवाल्या बाई हसल्या. बाकीचे नाही. अध्यक्षांनी लेखी उत्तर मागितलं. मी तिथेच कागद मागून लिहिलं: 'चौथा भाग गाळल्यास लेख माझा राहत नाही. गाळू नये, किंवा लेख परत करावा.' तारीख घातली, सही केली आणि पोच मागितली. पोच देताना कारकुनाने अध्यक्षांकडे दोनदा बघितलं.

२७ जुलै

आईला सांगितलं. ती बराच वेळ गणवेशाच्या खिशाची टीप उसवत बसली. मग म्हणाली, "ते पाच जण होते ना?"

"पाच."

"आणि तुझ्यासमोर पाणीसुद्धा नव्हतं."

"नव्हतं."

"मग बरं केलंस."

जागा कायम करण्याचा विषय तिने परत काढला नाही. मीही नाही.

८ ऑगस्ट

निकाल. 'यंदा एकही लेख पदकास पात्र आढळला नाही.' दुसरे दोन लेखही त्यात गेले. त्या दोघांची माफी मागावी का, हे ठरत नाही. चूक माझी नाही, परिणाम माझा आहे.

लेख परत आला. पहिल्या पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. टॅनिनचा डाग, निघेल. या वेळी आधी फोटो काढला.

१९ ऑगस्ट

वाचनकक्षातून निरोप आला, कोणीतरी बाई पाटबंधाऱ्याची फाईल मागताहेत, अर्ज कसा भरायचा कळत नाही. खाली गेले. सत्तरीच्या आजी, खांद्याला कापडी बॅग, पायात कॅनव्हासचे बूट. अर्जात 'कागद कशासाठी हवा' हा रकाना असतो. तिथे बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथे काय लिहायचं असतं? मी चौकीदाराची मुलगी."

तेवढंच लिहा, म्हटलं.

पूर आला तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. वडील नंतर एका गिरणीच्या फाटकावर बसत. नदीकडे कधी गेले नाहीत. आई घरोघरी धुणी धुवायची. म्हणजे माझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हे. धुणी.

"फाईल इथे आहे हे कोणी सांगितलं?"

"एक साहेब आले होते मागच्या महिन्यात. पत्ता शोधत शोधत, तीन गाड्या बदलून. नाव सांगितलं नाही. म्हणाले, कागद आता बघायला मिळतो, जाऊन बघा, आणि घरात जुनं काही असेल तर सोबत न्या. चहा टाकते म्हटलं तर म्हणाले, उद्या घेऊ. आता उद्या कुठले ते येतात, इतक्या लांबून."

हे जसंच्या तसं लिहून ठेवते. यावर आज काही लिहीत नाही.

स्थळप्रत त्यांच्यासमोर ठेवली. तारीख दाखवली, क्रमांक दाखवला, रजिस्टर उघडून सोळा तारीख दाखवली. त्यांनी बोट कागदाच्या वरून, न टेकवता, फिरवलं. कोणी शिकवलेलं नसताना.

मग बॅगेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घडीवर फाटलेला कागद. बडतर्फीचा हुकूम, पंधरा सप्टेंबर. टंकलेखित. 'आपण या कार्यालयाचे पत्र क्रमांक' आणि पुढे रिकामी जागा. मग 'दिनांक ९ सप्टेंबर, यातील आदेशाचे पालन न केल्यामुळे.'

"ती जागा तशीच आहे पहिल्यापासून," आजी म्हणाल्या. "वडील म्हणायचे, साहेब घाईत विसरले असतील."

विसरले नव्हते. पंधरा तारखेला त्या पत्राला क्रमांक नव्हता. ते अजून गेलंच नव्हतं. ज्या पत्राचं ऐकलं नाही म्हणून माणसाला काढलं, ते माणसाला काढल्यावर दुसऱ्या दिवशी निघालं.

एकटी रिकामी जागा पुरावा होत नाही. फोटोशिवाय एकटा आकडाही होत नाही. पण हा कागद बासष्ट वर्षं एका ट्रंकेत होता आणि मी त्याला हात लावलेला नाही.

आजींना हे सावकाश सांगितलं. त्या म्हणाल्या, "परत सांगा." परत सांगितलं. मग त्यांनी पिशवी रिकामीच घडी करून बॅगेत ठेवली आणि हुकूम माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच ठेवा. पण आधी फोटो काढा."

मी काढलाच असता. तरी 'हो' म्हटलं.

४ सप्टेंबर

मंडळाची पत्रं दोन महिने दाबून ठेवल्याबद्दल अधीक्षकांना मेमो. वेतनवाढ रोखली, महिनाअखेरीला बदली. कार्यालयात सगळे म्हणाले, 'उद्या'चा आज आला. मी हसले नाही.

त्यांच्या खोलीत गेले. टेबल स्वच्छ होतं, पेपरवेट एका बाजूला.

"रजिस्टर झालं का दुरुस्त?"

"दोन टाके होते. झाले."

"बघा, घाई केली नाही म्हणून चांगलं झालं."

मी म्हटलं, "साहेब, मी तुमच्याबद्दल बरंच चुकीचं लिहून ठेवलंय."

"कुठे?"

"माझ्या वहीत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोडू नका. कागदावर खाडाखोड बरी दिसत नाही. खाली नवीन तारीख घालून दुरुस्ती लिहावी."

लिहिली. वर नऊ, बारा, सतरा आणि एकवीस जुलैच्या नोंदी आहेत. त्या तशाच राहतील. दुरुस्ती: मी दिरंगाई फक्त एकाच प्रकारची ओळखत होते.

१ जून

दप्तरखान्याने कंत्राट आणखी एका वर्षासाठी वाढवलं, कायम केलं नाही. स्पर्धेचे अर्ज घेण्याचा आज पहिला दिवस. दहाला मंडळाचं दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी पायरीवर होतो, मी आणि आजी. आईने दोघींसाठी पोळ्यांचा डबा दिला होता.

कारकून म्हणाला, "परत तुम्ही? आणि तोच लेख?"

"तोच लेख परत देऊ नये असा नियम आहे का?"

त्याने नियमावली काढून बारा नियम वाचले. नव्हता.

"पाकीट उघडंच आहे."

"उघडंच ठेवलंय. उजेडात धरायचा त्रास नको."

एवढ्यात अध्यक्ष आले. थांबले, नमस्कार केला. सभ्यपणा त्यांनी या वर्षीही सोडलेला नाही. "चौथा भाग गाळला असेल, अशी आशा करतो."

"नाही. पाचवा वाढवलाय."

"पाचवा?"

उत्तर आजींनी दिलं. दाराशेजारच्या बाकावर बसल्या होत्या, उठल्या नाहीत. "मी त्यांची मुलगी."

कोणाची, असं अध्यक्षांनी विचारलं नाही. जिना चढून गेले, कठड्याला धरून.

कारकून म्हणाला, शिक्का आतल्या कपाटात आहे, पोच जेवणानंतर मिळेल, नाहीतर घरी पोस्टाने पाठवतो. आम्ही थांबतो म्हटलं. डबा तिथेच बाकावर खाल्ला. तो दोनदा बाहेर येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा शिक्का घेऊनच आला. पहिल्यांदा तारीख पुसट उमटली, म्हणून दुसऱ्यांदा मारायला लावला.

आवक क्रमांक एक, एक जून. दोन वाजून दहा मिनिटं.

आजींनी पोच माझ्या हातातून घेतली. तारीख वाचली. मग खाली बघून क्रमांक वाचला. मगच उठल्या.